शिक्षकांच्या नावाने विद्यापीठात गणित-विज्ञान शिष्यवृत्ती: ठरवण्यापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत

गणिताचे सर किंवा रसायनशास्त्राच्या बाई निवृत्त होतात किंवा जातात, आणि जुने विद्यार्थी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायचं ठरवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर गट होतो, पाच-सात लाख जमतात, धनादेश देण्याचा कार्यक्रम होतो. पुढची वाट मात्र अवघड असते. वीस वर्षांनी त्या रकमेचं व्याज इतकं क्षुल्लक होतं की विद्यार्थी अर्जच करत नाहीत. कधी अट अशा परीक्षेला बांधलेली असते जी आता घेतलीच जात नाही. 'मॅट्रिक', 'इंटर सायन्स', 'प्री-डिग्री' हे शब्द असलेल्या ठेवी १०+२+३ आकृतिबंध आल्यावर अशाच अडकल्या. ज्यांचं नाव जपायचं, त्यांचं नाव मग विद्यापीठाच्या यादीतली एक न वाटलेली ओळ होऊन राहतं.

हे टाळता येतं, पण त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी विद्यार्थी कोण ते ठरवायचं, मग रक्कम, मग निधी ठेवायची जागा, मग करार. पैसे गोळा करणं शेवटी. इथे दिलेली माहिती महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठं आणि त्यांची संलग्न महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

कोणत्या विद्यार्थ्यासाठी?

'हुशार व गरजू विद्यार्थ्यास' हे शब्द करारात छान दिसतात, पण निवड समितीला त्यांचा उपयोग नसतो. समितीपुढे ९४ टक्क्यांचा मध्यमवर्गीय मुलगा आणि ७६ टक्क्यांची, रोज दोन तास एसटीने येणारी मुलगी असे दोन अर्ज आले की त्या वाक्यातून उत्तर निघत नाही. म्हणून आधी हे पाहा की आज कोणाला काय मिळतं आणि कोण वगळलं जातं.

केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेत मूलभूत व नैसर्गिक विज्ञान शिकणाऱ्याला वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. बारावीच्या मार्गाने तिथे पोचायचं तर आपापल्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात यावं लागतं. राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवरून चालतात आणि त्यांचा मोठा भाग शिक्षण व परीक्षा शुल्काच्या परतफेडीचा असतो. म्हणजे अगदी वरच्या विद्यार्थ्याला आधार आहे, आणि पात्र असलेल्याला शुल्काचाही आधार आहे. उरतो तो तालुक्याच्या गावातून शहरात आलेला, ७०-८५ टक्क्यांमधला विद्यार्थी. त्याला खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं आणि प्रवास परवडत नाही. वर्गात पहिल्या येणाऱ्यालाच आणखी एक बक्षीस देण्यापेक्षा या विद्यार्थ्याकडे वळावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. चांगल्या शिक्षकांनी आयुष्यभर ज्यांच्यावर वेळ घालवला ते विद्यार्थीही बहुधा याच पट्ट्यातले असतात.

टप्पाही नेमका ठरवा. पदवीच्या पहिल्या वर्षी पैसे दिले तर विद्यार्थी विज्ञान शाखेत टिकतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी दिले तर तो एमएस्सीपर्यंत जातो. बीएस्सी झाल्या झाल्या नोकरी धरणं आणि पुढे शिकणं यांतली निवड अनेक घरांत याच वर्षी होते. एमएस्सी प्रवेशासाठीच्या जॅमसारख्या परीक्षांचं शुल्क, दोन-तीन संस्थांत मुलाखतीला जाण्याचा प्रवास, उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी आधी काढावं लागणारं तिकीट, अशा पाच-दहा हजारांच्या खर्चापायी संधी हुकतात. प्रकल्पाचा प्रवासखर्च पुढे मिळणार असला तरी आज तिकीट काढायला पैसे लागतातच. निधी लहान असेल तर मोठी शिष्यवृत्ती सोडून एवढाच 'प्रवास व परीक्षा सहाय्य निधी' ठेवा. दोन-तीन लाखांच्या ठेवीतून दरवर्षी दोघा-तिघांचं खरोखर काम होतं.

जातीची किंवा धर्माची अट घालण्याआधी थांबा. एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धार्मिक समुदायाच्या लाभासाठीच असलेल्या निधीला ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी मान्यता मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुलं यांच्यासाठीचा निधी मात्र त्या कारणाने अपात्र ठरत नाही.

रकमेचं गणित

बहुतेक शिष्यवृत्त्या इथेच मरतात. गणिताच्या शिक्षकांच्या नावाचा निधी तरी चक्रवाढीच्या हिशेबात चुकू नये.

१० लाख रुपयांची मुदत ठेव ७ टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाला ७०,००० रुपये व्याज येतं. ते सगळं दरवर्षी वाटलं, तर वीस वर्षांनीही रक्कम ७०,०००च राहते. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर तोपर्यंत त्यांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे २६,४०० रुपयांएवढी उरते. चाळीस वर्षांनी ती १०,०००च्याही खाली जाते.

आता निम्मं व्याज वाटून निम्मं मुद्दलात मिळवा. पहिल्या वर्षी फक्त ३५,००० वाटता येतात. पण ठेव दरवर्षी ३.५ टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांनी ती सुमारे १९.९ लाख होते आणि वाटपही जवळपास ७०,०००वर येतं. दोन्ही वाटा इथे भेटतात. यानंतर पहिल्या वाटेची रक्कम तिथेच थांबते, तर दुसरीची चाळिसाव्या वर्षी सुमारे १ लाख ३८ हजारांवर जाते. तरीही हे वाटप महागाईच्या पूर्ण बरोबरीने वाढत नाही, कारण ७ टक्के व्याज आणि ५ टक्के महागाई यांतलं खरं अंतर फक्त २ टक्क्यांचं असतं. म्हणून व्याजाचा ४० ते ५० टक्के भाग मुद्दलात जिरवण्याचं कलम आणि दर पाच वर्षांनी ठेवीत भर घालण्याचा प्रयत्न, दोन्ही हवेत.

उलट दिशेने हिशेब असा. एका विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० द्यायचे आहेत, व्याज ७ टक्के आहे आणि ४० टक्के व्याज मुद्दलात जाणार आहे. मग वाटपासाठी ४.२ टक्के उरतात, म्हणजे मुद्दल सुमारे १४.३ लाख हवं. इथे एक चूक नेहमी होते. शिष्यवृत्ती तीन वर्षं चालणारी असेल आणि दरवर्षी एक नवा विद्यार्थी निवडायचा असेल, तर तिसऱ्या वर्षापासून एका वेळी तिघे असतात. वाटप १ लाख ८० हजारांचं होतं आणि मुद्दल लागतं सुमारे ४३ लाख. एकाच विद्यार्थ्याचा हिशेब धरून जाहीर केलेल्या योजना तिसऱ्या वर्षी अडतात, आणि तेव्हा आधीच्या दोघांना नकार कळवायची वेळ येते. तेवढे पैसे नसतील तर तीन वर्षांत एकदाच निवड करा. तो विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की पुढचा निवडा.

आणखी एक पर्याय आहे, आणि लहान गटांसाठी तो उत्तम आहे: मुदतीची शिष्यवृत्ती. ५ लाख रुपये कायमच्या ठेवीत टाकून सगळं व्याज वाटलं तरी वर्षाला ३५,०००च मिळतात. तेच पैसे मुद्दलासह दहा वर्षांत संपवायचे ठरवलं, तर ७ टक्क्यांनी दर वर्षअखेरीस सुमारे ७१,००० रुपये देता येतात. दहा वर्षं, दहा विद्यार्थी, प्रत्येकाला कामाची रक्कम. 'कायमची' या शब्दाचं आकर्षण मोठं असतं, पण कोणाच्याच उपयोगी न पडणाऱ्या कायमच्या ठेवीपेक्षा हे केव्हाही बरं. मुदत संपत आली की नव्या पिढीला भर घालायची इच्छा आहे का, ते विचारता येतं.

निधी कुठे ठेवायचा

तीन जागा असतात. विद्यापीठ ही सगळ्यात दीर्घायुषी आणि सगळ्यात संथ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे चालणाऱ्या विद्यापीठांत देणगी स्वीकारण्याचा निर्णय व्यवस्थापन परिषदेपुढे जातो. त्याआधी शिष्यवृत्ती विभाग, वित्त व लेखा अधिकारी आणि कुलसचिव यांच्या टेबलांवरून फाइल फिरते. परिषदेच्या बैठकांच्या तारखा पाहून चार ते सहा महिने हाताशी ठेवा. विद्यापीठाकडे देणगी शिष्यवृत्तीचे छापील नियम असतात. किमान ठेव किती, प्रशासकीय खर्चापोटी व्याजातून काही कापलं जातं का, जमा ठेवी वेगळ्या ठेवतात की एकत्र गुंतवतात, या तीन गोष्टी पहिल्याच भेटीत लेखी विचारा.

महाविद्यालय जवळचं असतं. तिथल्या विभागप्रमुखांना विद्यार्थी नावाने माहीत असतो आणि पैसे महिन्याभरात पोचू शकतात. ही देणगी मात्र संस्थेच्या नावे जाते, म्हणून संस्थेच्या लेखापरीक्षित ताळेबंदात हा निधी स्वतंत्र शीर्षाखाली दिसला पाहिजे. एकट्या प्राचार्यांच्या आश्वासनावर भागवू नका. ते बदलले की फाइल कुठे आहे, हे सांगणारं कोणी उरत नाही.

स्वतंत्र न्यास काढायचा मोह आवरा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, प्राप्तिकराची नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हा संसार पंधरा-वीस लाखांच्या निधीला पेलत नाही. मोठा निधी आणि किमान दोन पिढ्यांचे कार्यकर्ते असतील तरच तो विचार करा.

करारातली कलमं

देणगीचं पत्र एका पानाचं, कार्यक्रमाचं निमंत्रण चार पानांचं, असं होऊ देऊ नका. तीस वर्षांनी शिष्यवृत्ती कशी चालेल ते या कागदावर ठरतं.

नाव लिहिताना कुटुंबाची लेखी संमती घ्या आणि देवनागरी व रोमन दोन्ही लिप्यांतलं नावाचं अचूक लेखन जोडा. सोबत शिक्षकांची ओळख करून देणारा दोन परिच्छेदांचा मजकूर द्या: कोणत्या वर्षापासून कुठे शिकवलं, कोणता विषय, शिकवण्यात विशेष काय होतं. दरवर्षीच्या जाहिरातीत आणि निवडपत्रात तो छापला जावा, असं कलम ठेवा. लोकमान्य टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गणिताचे गुरू केरूनाना छत्रे यांची आठवण राहिली, ती त्यांच्याविषयी लिहिलं गेलं म्हणून. नुसत्या आडनावाच्या मागचा माणूस पंचवीस वर्षांत पुसला जातो.

पैशांबद्दल 'ही देणगी कायम निधीसाठी आहे' असा स्पष्ट लेखी निर्देश द्या, नाहीतर ती सर्वसाधारण देणगीत मोडली जाऊ शकते. किती टक्के व्याज वाटायचं आणि किती मुद्दलात मिळवायचं, ते आकड्यात लिहा. 'व्याजातून योग्य ती रक्कम' असं लिहू नका. व्याजदर घसरले तर विद्यार्थ्यांची संख्या कमी करायची की रक्कम, हेही आधीच ठरवा. आमच्या मते संख्या कमी करावी. अर्धी शिष्यवृत्ती दोघांना दिली तर दोघांचंही भाडं निघत नाही.

पात्रतेच्या कलमात संस्थांची आणि परीक्षांची नावं शक्य तितकी टाळा. विद्यापीठं विभागली जातात: १९९०मध्ये पुणे विद्यापीठातून जळगाव-धुळ्याचा भाग उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात गेला, २००४मध्ये सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं, २०११मध्ये गडचिरोली-चंद्रपूरसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं. महाविद्यालयंही बाहेर पडतात. मुंबईची विज्ञान संस्था आणि एल्फिन्स्टन महाविद्यालय २०१९मध्ये झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेले. आपले शिक्षक ज्या महाविद्यालयात शिकवत होते तेच उद्या दुसऱ्या विद्यापीठाचं झालं, तर शिष्यवृत्ती कोणामागे जाईल? महाविद्यालयामागे की जुन्या विद्यापीठाबरोबर? एका वाक्यात लिहून ठेवा. 'टी.वाय.बी.एस्सी. गणित' असं न लिहिता 'गणित हा मुख्य विषय असलेल्या पदवी अभ्यासक्रमाचं शेवटचं किंवा उपान्त्य वर्ष' असं लिहा. चार वर्षांच्या पदवीत, बहुशाखीय अभ्यासक्रमात, नव्या नावाच्या पदवीतही ते लागू राहतं. संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, जैवतंत्रज्ञान पात्र की नाही, हे आत्ताच ठरवा. दरवर्षी पहिला वाद यावरूनच होतो.

आणि सर्वात महत्त्वाचं, बदलाचं कलम. 'अटी अमलात आणणं अशक्य किंवा निरर्थक झाल्यास, गणित व मूलभूत विज्ञानाच्या गरजू विद्यार्थ्यांना सहाय्य हा मूळ हेतू कायम ठेवून, देणगीदारांच्या प्रतिनिधीच्या आणि तो उपलब्ध नसल्यास निवड समितीच्या संमतीने विद्यापीठ अटी बदलू शकेल.' एवढी तीन ओळींची सोय नसेल, तर पुढच्या पिढीला एका शब्दासाठी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करावा लागतो. त्याच्याच खाली लिहा की एखाद्या वर्षी पात्र अर्ज आला नाही तर ती रक्कम पुढच्या वर्षी जादा विद्यार्थ्याला मिळेल आणि सलग दोन वर्षं वाटप झालं नाही तर विद्यापीठ देणगीदारांना लेखी कळवेल.

देणगीदारांचे नातेवाईक अपात्र, हेही लिहा. देणगीदारांचा एक प्रतिनिधी समितीत असायला हरकत नाही, पण निवडीवर नकाराधिकार नको.

निवड कशी करायची

तीन किंवा पाच जणांची समिती पुरते: विषयाचे दोन अध्यापक, त्यांपैकी एक दुसऱ्या महाविद्यालयाचे, एक देणगीदार प्रतिनिधी. मुदत तीन वर्षं. सगळे एकदम बदलू नयेत.

१०० गुणांची एक विभागणी अशी चालते: गरज ४०, अभ्यास ३०, विषयाची ओढ ३०.

गरज मोजताना नुसत्या कौटुंबिक उत्पन्नाच्या मर्यादेवर जाऊ नका. सहा जणांच्या घराचं उत्पन्न ३ लाख असेल तर माणशी ५०,००० पडतात. तिघांच्या घराचं २ लाख ४० हजार असेल तर माणशी ८०,०००. अडीच लाखांची मर्यादा लावली की जास्त गरजू घर बाहेर जातं. तहसीलदारांच्या दाखल्यावरचं उत्पन्न घरातल्या व्यक्तींनी भागा आणि त्यावर २५ गुण ठेवा. घर सोडून भाड्याने किंवा वसतिगृहात राहण्यासाठी ८ आणि घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली पिढी असण्यासाठी ७ गुण द्या. शेतीवरच्या घरांच्या बाबतीत एका वर्षाचा दाखला फसवा असू शकतो, म्हणून मुलाखतीत मागच्या दोन हंगामांबद्दल विचारा.

अभ्यासाचे गुण थेट तुलना करू नका. स्वायत्त महाविद्यालयातले दहापैकी ८.९ श्रेणीगुण आणि विद्यापीठाच्या परीक्षेतले ७.८ हे एकाच मापाचे नाहीत. विद्यार्थी आपल्याच वर्गात कितवा आहे ते पाहा. ६० जणांच्या वर्गात सहावा असेल तर त्याच्यामागे ५४, म्हणजे ९० टक्के वर्ग आहे. ३०पैकी २७ गुण. वर्गातला क्रमांक विभागप्रमुखांनी सही करून द्यायचा. फार लहान, आठ-दहा जणांच्या वर्गात ही पद्धत डळमळते. तिथे मागच्या तीन सत्रांची सरासरी घ्या.

विषयाची ओढ तपासायला 'माझं ध्येय' छाप निबंध मागवू नका. ते सगळे एकसारखे येतात. गणिताच्या विद्यार्थ्याला सांगा: समजायला वेळ लागलेली एखादी सिद्धता निवड आणि बारावीच्या मुलाला कळेल अशी ४०० शब्दांत लिही, मराठीत किंवा इंग्रजीत. अविभाज्य संख्या अनंत असतात ही साधी सिद्धताही चालेल. पाहायचं ते हे की कुठली पायरी का लागते, हे त्याला कळलंय का. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत अपेक्षेपेक्षा वेगळं आलेलं एक निरीक्षण आणि त्याचं संभाव्य कारण लिहावं. याला १५ गुण. उरलेले १५ गुण पंधरा मिनिटांच्या मुलाखतीला, आणि तिथे त्याच लिखाणावर प्रश्न: ही अट काढली तर काय बिघडेल? तापमान दहा अंशांनी वाढलं असतं तर? दुसऱ्याकडून लिहून घेतलेला मजकूर पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो. उलट, कागदावर अडखळलेला एखादा विद्यार्थी फळ्यापाशी उभा राहिला की फुलतो, तेही इथेच दिसतं.

दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता गुण द्यावेत. एकूण गुणांत १५पेक्षा जास्त अंतर पडलं तर तिसऱ्याने पाहावं. बरोबरी झाली तर गरजेचे गुण ज्याचे जास्त, त्याला द्या.

अर्ज दोन पानांचा ठेवा. सगळी कागदपत्रं सुरुवातीलाच मागू नका. बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँक पासबुकाची प्रत हे फक्त मुलाखतीला बोलावलेल्यांकडून घ्या. दाखला काढण्यात एका दिवसाची मजुरी जाते अशी घरं यात असतात. अर्जातच विचारा की विद्यार्थी दुसरी कोणती शिष्यवृत्ती घेतोय. अनेक सरकारी योजनांत एका वेळी दुसरी शिष्यवृत्ती घेण्यावर बंधन असतं. आपल्या मदतीमुळे त्याची मोठी रक्कम बंद पडायला नको, म्हणून त्या योजनेचे नियम वाचून मगच निवडपत्र द्या.

वेळापत्रक

शिक्षकांची जयंती फेब्रुवारीत म्हणून शिष्यवृत्ती फेब्रुवारीत, हा रिवाज विद्यार्थ्याला महागात पडतो. खोलीची अनामत, मेसचा आगाऊ हप्ता आणि पुस्तकं जुलै-ऑगस्टमध्ये लागतात. फेब्रुवारीत पैसे येईपर्यंत घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं किंवा विद्यार्थ्याने शिकणं सोडलेलं असतं. कार्यक्रम आणि पैसे वेगळे करा. कार्यक्रम जयंतीला घ्या, २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनाला घ्या, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला घ्या. पैसे त्याआधीच खात्यात असले पाहिजेत.

चालणारा क्रम असा आहे. एप्रिल-मेमध्ये विद्यापीठाकडून ठेवीचा हिशेब घ्या आणि यंदा किती वाटता येतील ते लेखी ठरवा. जूनमध्ये जाहिरात तयार ठेवा आणि विभागांच्या सूचना फलकांवर, वर्गांच्या गटांवर टाका. फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकलेली सूचना विद्यार्थी पाहत नाहीत. अर्ज १५ जुलै ते १० ऑगस्ट, छाननी २० ऑगस्टपर्यंत, मुलाखती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. निवड ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी जाहीर होते. पहिला हप्ता १५ सप्टेंबरच्या आत पडतो. आधीपासून शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना पुन्हा निवडीतून जायला लावू नका. त्यांचा हप्ता जुलैतच सोडा.

निकाल लांबतात, हे गृहीत धरा. 'अर्जाच्या तारखेला उपलब्ध असलेला शेवटचा निकाल' हे शब्द वापरले की कोणाचं काही अडत नाही.

पुढच्या वर्षीची रक्कम चालू ठेवताना एका एटीकेटीवर शिष्यवृत्ती कापू नका. त्या मुलाला पैशांची काळजी पडली तर दुसरी एटीकेटी लागेल. एका विषयात राहिला तर एक सत्र सवलत द्या आणि विभागातल्या एका अध्यापकांना त्याच्याशी बोलायला सांगा. सलग दोन सत्रं विषय राहिले, तर थांबवा.

पैसे खात्यात पोचवताना

६०,००० असतील तर ४०,००० सप्टेंबरमध्ये आणि २०,००० जानेवारीत द्या. सारखे हप्ते करू नका. सुरुवातीचा खर्च मोठा असतो. धनादेश टाळून थेट बँक खात्यात भरा.

इथे अडचणी लहान असतात आणि महिने खातात. अर्जावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला असतो. खातं वर्षानुवर्षं न वापरल्याने बंद पडलेलं असतं. आणखी एक फारशी माहीत नसलेली अडचण: पूर्ण केवायसी न झालेल्या 'स्मॉल अकाउंट' प्रकारच्या खात्यात एका वेळी ५०,०००पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि महिन्याला १०,०००पेक्षा जास्त काढता येत नाहीत. मुलाखतीच्या दिवशीच खात्याचा प्रकार विचारा, गरज असेल तर केवायसी करून घ्यायला सांगा आणि मोठा हप्ता सोडण्याआधी १ रुपया पाठवून पाहा. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीवर विद्यार्थ्याला प्राप्तिकर लागत नाही. निवडपत्रात हा हेतू नमूद करा.

देणग्या गोळा करताना

एका जणाच्या बचत खात्यात सगळ्यांचे पैसे जमवून शेवटी एक धनादेश द्यायचा, ही सगळ्यात प्रचलित आणि सगळ्यात अडचणीची पद्धत आहे. पावती एकाच नावाने निघते, बाकीच्यांना करसवलत मिळत नाही आणि ज्याच्या खात्यात दहा लाख आले त्याला प्राप्तिकर विभागाला उत्तर द्यावं लागू शकतं. प्रत्येकाने थेट विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या खात्यात भरावेत, तपशिलात निधीचं छोटं नाव लिहावं आणि व्यवहार क्रमांक समन्वयकाला कळवावा. समन्वयकाने आपली यादी आणि लेखा विभागाची यादी दर महिन्याला जुळवावी. नाहीतर चार-दोन देणग्या 'इतर जमा' शीर्षाखाली हरवतात.

८०-जीची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती नाही. २,०००पेक्षा जास्त रोख देणगीला ती मिळतच नाही. नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू झाल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पावतीवरचा मान्यता क्रमांक आणि त्याची मुदत तपासून घ्या.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांबद्दल काळजी घ्या. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. पण ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची देणगी ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी परदेशी योगदान ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी किंवा अधिकृत सूट हवी. नोंदणीकृत संस्थांना असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या नेमून दिलेल्या खात्यातच घेता येतात. 'तू माझ्या खात्यात पाठव, मी इथून भरतो' हा मार्ग कायद्याने अडचणीत आणणारा आहे. नागरिकत्वाचा प्रश्न देणगीच्या अर्जातच विचारा.

कबूल केलेले सगळे पैसे येतील असं धरू नका. हातात आलेल्या रकमेवरच विद्यार्थ्यांची संख्या ठरवा. एकरकमी मोठ्या देणगीबरोबर पाच वर्षं दरमहा पाचशे रुपये देणारेही शोधा. मुद्दलात भर घालायला तेच उपयोगी पडतात, आणि परवा-परवा नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यालाही सरांसाठी काही केल्याचं समाधान मिळतं.

दरवर्षी काय मागायचं

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की मेच्या अखेरीपर्यंत एका पानाचा हिशेब मागा: सुरुवातीची शिल्लक, आलेलं व्याज, मुद्दलात मिळवलेली रक्कम, वाटप, परत आलेले हप्ते, अखेरची शिल्लक, ठेवीच्या नूतनीकरणाची तारीख आणि दर. मुदत ठेव वेळेवर नूतनीकरण न होता पडून राहिली की व्याजाचं नुकसान होतं, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नूतनीकरणाची तारीख समन्वयकाच्या दिनदर्शिकेतही असावी. पत्राला दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर कुलसचिवांना स्मरणपत्र द्या. त्यानंतरही नाही, तर सार्वजनिक विद्यापीठांना माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू आहे. साध्या अर्जावर हा हिशेब मिळतो.

विद्यार्थ्यांकडून आभारपत्रांची सक्ती नको. वर्षअखेर तीन प्रश्न पुरतात: पैसे कशासाठी वापरले, कधी कमी पडले, पुढे काय करणार आहात. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून दर तीन वर्षांनी रक्कम आणि हप्त्यांचे महिने बदला. तीन वर्षांत अर्ज दहापेक्षा कमी येत असतील तर आधी जाहिरात कुठपर्यंत पोचते ते तपासा, मग अटी पाहा. समन्वयकाने करार, परिषदेचा ठराव, पावत्या आणि निवड याद्यांचा एक संच कुटुंबाकडे, एक विभागाच्या ग्रंथालयात आणि एक आपल्यापेक्षा किमान पंधरा वर्षांनी लहान असलेल्या माजी विद्यार्थ्याकडे ठेवावा आणि पुढच्या वर्षीपासून समितीच्या बैठकीला त्यालाही बरोबर न्यावं.